सहा दिवसांच्या लंकेचा विमा

नऊ जानेवारी २०१४, गुरुवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दूध आले. पिशवी गळकी नव्हती. सहा वीसला मी चहाचे आधण ठेवले. आमच्याकडे पहिला चहा मी करतो, दुसरा कुसुम. सहा पस्तीसला वर्तमानपत्र आले. ते नेहमीप्रमाणे शेजारच्या गोवंड्यांच्या पायपुसण्यावर पडले, आणि गोवंड्यांनी ते नेहमीप्रमाणे आधी स्वतः वाचून, घड्या बिघडवून, सात वाजता "तुमचा पेपर आमच्याकडे आला हो" असे म्हणत आणून दिले. सात पाचला सरूबाई भांड्यांना आली. साडेसातला कुसुमने स्वयंपाकघरातल्या फडताळावरचा जुना रेडिओ लावला. त्यातून खरखर आली. तिने काटा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवला आणि रेडिओ बंद केला. हेही नेहमीचेच. तो रेडिओ एक तर दुरुस्त करावा नाही तर भंगारात द्यावा, असे मी तिला अनेक वर्षे सुचवीत आलो आहे. ती ऐकून घेते.

हा तपशील इतक्या बारकाईने देण्याचे कारण असे, की खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी चौतीस वर्षे तपासणी विभागात होतो. अपघात झाला की त्याच्या आदल्या तासात सारे कसे सुरळीत चालले होते ते प्रथम लिहायचे, असे आम्हाला शिकवलेले असे. मी ती शिस्त पाळत आहे.

सव्वाआठला कुसुमने माझ्या बशीशेजारी एक पावती ठेवली.

"लंकेला जायचंय. चौदा फेब्रुवारी. सहा दिवस. दोघांची नावं दिली आहेत."

माझी परवानगी मागण्याची पद्धत आमच्या घरात नाही. मला कळवण्याची आहे. ती तीस वर्षे प्राथमिक शिक्षिका होती, त्यामुळे सूचना एकदाच आणि स्पष्ट देते.

"लंकाच का?" मी विचारले. "लोक सिंगापूरला जातात."

"मला लंका बघायचीय."

तिला हत्ती पाहायचे असावेत, असा मी निष्कर्ष काढला. पावतीवर हत्तीचे चित्र होते. मागच्या बाजूस बारीक अक्षरात अशी सूचना होती, की साठ वर्षांवरील प्रवाशांनी प्रवासविमा उतरवणे बंधनकारक आहे.

"विम्याचं तेवढं तुम्ही बघा," कुसुम म्हणाली. या एका वाक्यापासून पुढचे सर्व घडले.

आता, विमा निवडणे ही गोष्ट लोक किती बेफिकिरीने करतात हे मला पुढील बारा दिवसांत कळले. मी एक दोनशे पानी वही घेतली, तिच्यात सतरा रकाने आखले आणि पाच कंपन्यांची माहितीपुस्तके भिंगाखाली वाचली. विमान पळवून नेल्यास मला काय मिळेल आणि सामान हरवल्यास काय, हे पाठ झाले. पॅराशूटमधून उडी मारताना इजा झाल्यास मात्र एकही कंपनी जबाबदार राहणार नव्हती. मी कुसुमला तसे सांगून ठेवले. एका कंपनीच्या मुलीने फोनवर विचारले, "सर, कुठल्या साहसी खेळात भाग घेणार आहात का?" मी म्हणालो, "लक्ष्मी रस्ता रोज ओलांडतो." तिने "नाही" अशी नोंद केली. तिला पुणे माहीत नसावे.

गोवंडे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असून सल्ला देण्यातून अद्याप झालेले नाहीत. ते वही चाळत म्हणाले, "अहो, लंकेत काय होणार आहे तुम्हाला? हनुमंत गेला तर त्याच्यासुद्धा फक्त शेपटीवर निभावलं. तेही विमा नसताना."

"नियम आहे."

"मग कुठलाही घ्या. तुम्ही गेलात तर तुम्हाला उपयोग नाही आणि परत आलात तर कंपनीला. सतरा रकाने कशाला?"

मी वही त्यांच्या हातातून काढून घेतली. अठरावा रकाना आखण्याचा माझा विचार चालू होता, तो मी त्यांना सांगितला नाही.

तेराव्या दिवशी कुसुमने विचारले, "झाला का विमा?" मी म्हणालो, "दोन कंपन्यांपर्यंत आलोय." ती म्हणाली, "पायांत चपला घाला. सर्जेरावाकडे जाऊ."

सर्जेराव हा तिचा खडकीच्या शाळेतला विद्यार्थी. विम्याचा एजंट आहे. कळसला त्याचे वडील गेनबा जिथे म्हशी बांधत, तिथे आता चार मजली इमारत आहे आणि तिच्या तळमजल्यावर काचेच्या दारामागे सर्जेराव बसतो. कुसुम आत शिरताच तो उभा राहिला आणि टेबलाला वळसा घालून येऊन तिच्या पाया पडला.

"बाई, तिसरीत तुम्ही मला कोपऱ्यात हुबं केलं व्हतं. त्यो कोपरा अजून सपनात येतो."

"पाढे येत नव्हते तुला."

"अजून येत न्हाईत, बाई. पर आता कॅलक्युलेटर हाय."

त्याने पाच मिनिटांत एक कंपनी निवडली. माझ्या वहीकडे त्याने आदराने पाहिले आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

फॉर्म आठ पानी होता. सहा दिवस हत्ती पाहायला जाणाऱ्या माणसाच्या आजोबांच्या मृत्यूचे कारण समजून घेण्यात कंपनीचा काय हेतू असावा, हे मला कळले नाही. सर्जेराव म्हणाला, "साहेब, साठीच्या म्होरं सगळं आयुष्य इचारत्यात. द्या, मी भरतो." मी फॉर्म त्याच्याकडे दिला नाही. लेखी कामाचे माझे तीन नियम आहेत. रकाना रिकामा सोडायचा नाही. लिहिण्यासारखे काही नसेल तर तिथे आडवी रेघ मारायची. आणि चूक झाली तर खाडाखोड न करता चुकीच्या नोंदीवर एकच रेघ ओढायची, जुनी नोंद वाचता आली पाहिजे, शेजारी खरी नोंद करून सही करायची. या तीन नियमांवर मी चौतीस वर्षे काढली आणि माझ्या हाताखालून गेलेला एकही गोळा अवेळी फुटला नाही.

मी भरत गेलो. अकराव्या रकान्यात अपत्यांची माहिती होती, हयात आणि मृत अशा दोन ओळींत. दोन्ही ओळींवर मिळून मी एक रेघ मारली. इतरत्र मला पट्टी लागते. ही रेघ पट्टीशिवाय जमते, सवयीची आहे. शेजारी बसलेल्या कुसुमने कागदाकडे पाहिले, मग सर्जेरावाकडे पाणी मागितले.

अडचण आली ती शेवटच्या पानावर. वारस म्हणून माझ्यापुढे कुसुमचे आणि कुसुमपुढे माझे नाव मी लिहिले होते. सर्जेरावने डोके खाजवले.

"साहेब, एकाच इमानात बसनार ना दोघं?"

"अर्थात."

"मंग इमान पडलं तर हा कागूद घेऊन माझ्याकडं येनार कोन?"

प्रश्नात दोष काढण्यासारखे काही नव्हते.

"तिसरं नाव द्या एक. दोघांच्या पाठीमागं राहील असं. भाचा, पुतण्या, कुनीबी."

"तिथे रेघ मारली तर?"

"रेघ चालत न्हाई तितं. फॉर्म माघारी येतो."

आयुष्यात प्रथमच एका रकान्याने माझी रेघ नाकारली. आम्ही सह्या केल्या, तो एक रकाना मोकळा ठेवून फॉर्म सर्जेरावाकडेच राहू दिला, आणि नाव घेऊन येतो असे सांगून निघालो. परतीच्या बसमध्ये कुसुम खिडकीबाहेर पाहत होती. मी वहीच्या मागच्या पानावर नावे लिहीत होतो. ओढूनताणून चार झाली, त्यांतल्या दोघांचा पत्ता मला ठाऊक नव्हता आणि एक जण माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा होता.

गोवंड्यांनी स्वतःहून उपाय सुचवला. "माझं नाव टाका की. नाही तरी तुमचा पेपर माझ्याकडेच येतो."

राहिला श्यामसुंदर, माझ्या दिवंगत थोरल्या भावाचा मुलगा. कोथरूडला राहतो, संगणकाच्या कंपनीत आहे, दिवाळीला आणि माझ्या वाढदिवसाला येतो. मुलगा चांगला आहे. "श्यामला एक फोन करा, संपलं," कुसुम म्हणाली. परंतु एखाद्या माणसाचे नाव त्याच्या संमतीशिवाय कागदावर घालणे मला योग्य वाटत नाही, आणि फोनवर दिलेल्या संमतीची नोंद कुठे राहत नाही. मी पत्र लिहिले आणि रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, नारायण पेठेतून कोथरूडला पाठवले. त्याची स्थळप्रत माझ्याकडे आहे. ती जशीच्या तशी देतो.

"विषय : आम्हां उभयतांच्या एकाच वेळी संभवणाऱ्या निधनाबाबत.

चि. श्यामसुंदर यास अनेक आशीर्वाद. दि. १४ फेब्रुवारी रोजी अथवा त्यापुढील सहा दिवसांत मी व तुझी काकू एकाच वेळी दिवंगत झाल्यास पुढील कार्यवाहीसाठी तुझे नाव देण्याचे योजिले आहे. तरी तुझी लेखी संमती, जन्मतारीख व ओळखपत्राची साक्षांकित प्रत पाठवावी. वेळ थोडा आहे. ही बाब तूर्त कोणापाशी बोलू नये. सौ. शालूस आशीर्वाद."

या पत्रात लंकेचा उल्लेख नाही, असे नंतर अनेकांनी माझ्या निदर्शनास आणून दिले. तो अनावश्यक तपशील होता. कार्यालयीन पत्रात अनावश्यक तपशील टाळावा, हे मत मी आजही बदललेले नाही.

पत्र पाच दिवसांनी पोहोचले. तोवर आम्ही इकडे प्रवासाची तयारी करत होतो. चौदा तारखेपासून दूध आणि वर्तमानपत्र नको, असे मी सांगून ठेवले. 'पुढे कधीपासून' हे परत आल्यावर सांगू म्हणालो. वाचनालयाची पुस्तके परत केली. कुसुमने तुळस आणि दोन कुंड्या गोवंडेवहिनींकडे दिल्या, मुरलेल्या लोणच्याची बरणीही दिली. मी पुढच्या सहामाहीची घरपट्टी भरून टाकली, सर्व किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधल्या आणि कपाटातल्या कागदपत्रांवर क्रमांक घातले. घर सोडून सहा दिवस बाहेर जाणारा कोणताही व्यवस्थित माणूस हेच करील. गोवंडे त्या आठवड्यात आपल्या मुलीकडे नाशिकला होते. लंकेचा प्रवास ठरल्याप्रमाणे होतो आहे की विम्याअभावी बारगळला, याची त्यांना खात्री नव्हती. वहिनींना तर मी सतरा रकान्यांपर्यंतच पोहोचलो आहे असे वाटत होते.

श्यामसुंदरने पत्र वाचले आणि आम्हाला फोन न करता गोवंड्यांना केला, कारण 'कोणापाशी बोलू नये' ही सूचना आमच्यापाशी बोलण्यासही लागू असावी, असे त्याला वाटले. गोवंडे नाशिकहून परतले होते. त्याच सूचनेमुळे श्यामसुंदरने त्यांना पत्र वाचून दाखवले नाही, काका-काकू जिवाचे काही बरेवाईट करून घेतील अशी भीती तेवढी सांगितली. त्यांनी दूध, पेपर, पुस्तके, किल्ल्या, असे एकेक सांगितले. लोणच्याच्या बरणीपाशी, मला नंतर समजले, वहिनींनी फोन हातात घेतला आणि त्यांना बोलवेना.

दोन फेब्रुवारीला, रविवारी सकाळी साडेनऊला, मी स्टुलावर उभा राहून माळ्यावरची बॅग काढत होतो. बॅगेचे कुलूप बिघडल्यामुळे ती बांधण्यासाठी आणलेली दोरी माझ्या खांद्यावर होती. दार उघडेच होते. ते पूर्ण उघडले आणि आत गोवंडे, गोवंडेवहिनी, श्यामसुंदर, शालू, सोसायटीचे सचिव आणि चष्मा लावलेल्या एक अनोळखी बाई अशी सहा माणसे शिरली. गोवंड्यांनी माझे दोन्ही पाय धरले. त्यांचे वय बहात्तर आहे. पकड मात्र चांगली आहे.

"काका, खाली या," श्यामसुंदर म्हणाला. "प्लीज. आपण बोलू. काहीही असलं तरी बोलू."

"बोलायचंय काय? बॅग काढतोय."

चष्मेवाल्या बाई पुढे आल्या. त्या शालूच्या मैत्रीण असून लोकांचे मनोधैर्य वाढवण्याचे काम करतात. त्यांनी अत्यंत हळू आवाजात विचारले, "काका, तुम्हाला आत्ता या क्षणी कसं वाटतंय?"

"यांना पाय सोडायला सांगा, मग सांगतो."

सचिव म्हणाले, "साहेब, सोसायटीच्या दृष्टीनंही जरा विचार करा." काय विचार करायचा ते त्यांनी सांगितले नाही.

कुसुम पिठाच्या हातांनी बाहेर आली. श्यामसुंदरने खिशातून पत्र काढून तिला दिले. तिने ते उभ्यानेच, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचले आणि घडी घालून परत केले.

"शुद्धलेखन बरोबर आहे," ती म्हणाली. "आम्ही लंकेला चाललोय रे. विम्याच्या फॉर्मवर तुझं नाव हवंय."

मग गोवंडे माझ्या पायाशी बसूनच हसू लागले आणि मग सगळेच हसले. "काका, यात लंका हा शब्द कुठाय? एकदा तरी?" श्यामसुंदर पुन्हा पुन्हा विचारत होता आणि हसत होता. त्याचे डोळे लाल होते. तो दोन दिवस झोपला नव्हता. मी तपासणी विभागातला माणूस असून त्या वेळी ते टिपले नाही. मी माझ्या अपमानाचा विचार करत होतो. शालू स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. त्या चष्मेवाल्या बाईंनी, आलेच आहोत तर म्हणून, कुसुमलाही विचारले, "काकू, तुमच्या मनात कधी असं काही येतं का?"

"मी चहा टाकते," कुसुम म्हणाली.

चहा झाला. श्यामसुंदरने जन्मतारीख कागदावर लिहून दिली, साक्षांकित प्रत पाठवतो म्हणाला, आणि जाताना मला वाकून नमस्कार केला, जो तो एरवी दिवाळीलाच करतो. गोवंडेवहिनींनी लोणच्याची बरणी परत आणून ठेवली. प्रकरण संपले असे मी समजलो.

दुपारी कुसुमने दूधवाल्याला फोन करून सांगितले, "चौदापासून चालूच ठेवा." मग मला म्हणाली, "माझी जागा रद्द करा."

मी तिला समजावले. लोक चार दिवस हसतील आणि विसरतील. चूक पत्राची नसून वाचणाऱ्याची आहे. पाच कंपन्यांतून एक निवडून झाली आहे. ती म्हणाली, "मला हौस राहिली नाही." सोमवारी मी पुन्हा विषय काढला. तेव्हा तिने ऐकून घेतले, रेडिओच्या बाबतीत घेते तसे. सोमवारी सकाळी तिने रेडिओ लावला नव्हता, हेही मला आठवते. त्याचा अर्थ मी लावला नाही.

मंगळवारी दुपारी, जी तिच्या येण्याची वेळ नव्हे, सरूबाई आली. चौदा वर्षे ती आमच्याकडे येते. ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि मेथीची जुडी पुढ्यात ओढून कुसुमसमोर जमिनीवर बसली. मी पलीकडच्या खोलीत, वही उघडून बसलो होतो.

"वहिनी, एक इचारू? राग नका मानू."

"विचार."

"समदी हसत्यात खाली. म्या न्हाई हसले. खरंच काय करून घ्यायचा इचार हाय का?"

मेथीचे देठ मोडल्याचा आवाज येत राहिला.

"आता नाही," कुसुम म्हणाली.

मी पेन खाली ठेवले.

"मंग कवा व्हता?"

"अडतीस वर्षं झाली. खडकीला क्वार्टरमध्ये राहत होतो. नऊ दिवसांची होती."

"पोरगी?"

"हं."

"नाव काय ठिवलं व्हतं?"

"बारसं बाराव्या दिवशी असतं ना गं."

आणखी एक देठ मोडला. कुसुमच पुढे बोलली. इतके सलग बोलताना मी तिला फार वर्षांत ऐकले नव्हते. "माहेरी कोणी नव्हतं, म्हणून बाळंतपण इथेच. चौथ्या दिवशी इस्पितळातून घरी आणली. भिंतीपलीकडे शमशुद्दीनभाई राहायचे, त्यांच्याकडे रेडिओ. सकाळी सिलोन लागायचं. ती रडायला लागली की बेगमभाभी भिंतीशी रेडिओ आणून आवाज मोठा करायच्या. आणि ती थांबायची गं. खरंच थांबायची. कान देऊन ऐकल्यासारखी. सहा सकाळी ऐकलं तिने."

"म्हून लंका व्हय?"

"तो आवाज यायचा ते गाव एकदा बघावं म्हटलं."

"मंग जावा की. कोन अडिवतंय?"

"यांनी परवा फॉर्म भरला. मुलांच्या रकान्यात रेघ मारली."

"कसली रेघ?"

"काही नाही म्हणून. नेहमीच मारतात. कारखान्यात मारली, रेशनकार्डाला मारली, पासपोर्टच्या वेळी चौकशीला हवालदार आला तर त्यालासुद्धा यांनी सांगितलं, 'मूलबाळ नाही.' मी कधी बोलले नाही. या खेपेला वाटलं होतं, तिच्यासाठीच तर चाललोय." मग ती म्हणाली, "त्यांना कुठं ठाऊक होतं म्हणा."

सरूबाईने देठांचा ढीग बाजूला केल्याचा आवाज आला.

"माजी दोन ऱ्हायली, दोन गेली. खानेसुमारीला शाळंचा मास्तर आला व्हता. पोरं किती इचारलं, म्या म्हनलं चार. त्यो हिकडं तिकडं बघाया लागला. त्येला दोनच दिसली. म्या म्हनलं, मास्तर, तुमी लिवा तर खरं."

हे सारे ऐकून मी काय केले, असे कोणी विचारील. काही केले नाही. वहीतल्या अठराव्या, रिकाम्या रकान्याकडे पाहत बसलो. १९७६ साली मी तिला स्मशानात एकट्याने नेले होते. हातात वजन जाणवत नव्हते. चौथ्या दिवशी मी कामावर हजर झालो. त्याच आठवड्यात क्वार्टरच्या यादीचा फॉर्म आला. त्यात अपत्याचे नाव विचारले होते, आणि नाव नव्हते. नाव नसलेल्याची नोंद कशी करावी, याचा नियम आमच्या पुस्तिकेत नव्हता. मी रेघ मारली. कुसुमने तो कागद पाहिला तर तिला वाचावे लागू नये, म्हणून मारली, अशी माझी समजूत होती. त्यानंतर ती रेघ हातात बसली. ज्या माणसासाठी मी ती ओढत होतो, ते माणूस प्रत्येक वेळी शेजारी बसून ती वाचत आले आहे, हे अडतीस वर्षांत माझ्या तपासणीत आले नाही.

बुधवारी सकाळी सहा दहाला दूध आले. सहा वीसला मी चहाचे आधण ठेवले. साडेसात वाजून गेले तरी रेडिओ लागला नाही. आठ वाजता मी म्हणालो, "कळसला जायचंय. तुझी सही लागेल."

"मी येणार नाही म्हटलंय ना."

"रद्द करायलाही सही लागते."

हे खरे नव्हते. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि चपला घातल्या.

सर्जेराव आम्हाला पाहून उभा राहिला. लंकेच्या फजितीची बातमी कळसपर्यंत गेली असावी, कारण त्याने हसू दाबून "बसा बाई" म्हटले, चहा पुढे ठेवला आणि माझ्याकडे पाहणे टाळले. मी त्याच्याकडे फॉर्म मागितला.

"वारसाचं नाव तेवढं ऱ्हायलंय, साहेब."

"त्याआधी एक दुरुस्ती आहे."

मी अकरावा रकाना उघडला. माझ्या तिसऱ्या नियमाप्रमाणे चुकीच्या नोंदीवर एकच रेघ ओढायची असते. पेन टेकवल्यावर माझ्या लक्षात आले, की इथे चुकीची नोंद हीच एक रेघ आहे. रेघेवर रेघ ओढली तर ती दिसत नाही, फक्त जाड होते. चौतीस वर्षांत हा प्रसंग माझ्यावर आला नव्हता. शेवटी ती रेघ मी तशीच राहू दिली, आणि तिच्या खाली, 'मृत' या शब्दासमोर, १ हा आकडा लिहिला. वय : नऊ दिवस. कारण : समजले नाही.

त्याच ओळीत नावाची जागा उरली. मी फॉर्म कुसुमपुढे सरकवला आणि पेन तिच्या हाताशी ठेवले.

"हा मला येत नाही," मी म्हणालो.

तिने वाचले. सर्जेरावचा फोन वाजू लागला, तो त्याने न पाहताच बंद केला. कुसुमने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग तीस वर्षे फळ्यावर लिहिलेल्या त्या गोल, सुट्या अक्षरांत तिने लिहिले : आनंदी. आणि पुढे, हजेरीपटावर लिहितात तसे, माझे नाव आणि आडनाव. पूर्ण.

दुरुस्तीशेजारी मी सही केली. तिच्याखाली तिने केली.

सर्जेरावने फॉर्म उचलला आणि एजंट वाचतात तसा वरून खाली वाचत आला. अकराव्या रकान्यापाशी त्याचे बोट थांबले. "बाई," तो म्हणाला. त्याने टेबलावरचा माझा कप उचलून बाजूला ठेवला, फॉर्मवर थेंब पडू नये असा. मग विचारले, "वारस?"

"श्यामसुंदर," मी सांगितले. "पुतण्या. जन्मतारीख या चिठ्ठीवर आहे."

त्याने नाव लिहिले, शिक्का मारला आणि आठही पाने टाचून फाईलला लावली.

बाहेर ऊन चढू लागले होते. बसथांब्यावर बाक नव्हता. आम्ही कडुनिंबाच्या सावलीत उभे राहिलो. दोन बस गेल्या, त्या आमच्या नव्हत्या. तिसरी दुरून दिसू लागली तेव्हा कुसुमने पिशवीतून सुटे पैसे काढले.

"घरी गेल्यावर आठवण करा," ती म्हणाली. "दूधवाल्याला परत सांगायला हवं. चौदापासून नको म्हणून."